बाळाचा 'ब्रेनस्टेम कच्चा' म्हणजे नेमकं काय कच्चं असतं?

रानमोगरा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी लेक गेल्या वर्षी मे महिन्यात झाली, एकतिसाव्या आठवड्यात. वजन १४५० ग्रॅम. बाहेर नागपूरचा मे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि ही आत काचेच्या पेटीत. तिथे ऊबही मोजून देतात, हे तेव्हाच कळलं.

तिसऱ्या दिवशी मला पेटीजवळ बसू दिलं. मॉनिटरवर तीन रेघा. हिरवी हृदयाची, निळी ऑक्सिजनची, पांढरी श्वासाची. बघता बघता पांढरी सपाट झाली. आधी वाटलं वायर निघाली. मग अलार्म वाजला आणि मी किंचाळले. सिस्टर मात्र धावल्या नाहीत. चालत आल्या, पेटीची गोल खिडकी उघडली, आत हात घातला आणि तळव्याला टिचकी मारली. एवढंच. पांढरी रेघ पुन्हा लाटा मारायला लागली. "विसरते ती," सिस्टर म्हणाल्या, "तीन-चारदा होतं दिवसातून."

श्वास घ्यायला विसरते! पाचव्या दिवसापर्यंत रेघ सपाट झाली की मी मनात आकडे मोजायला लागले होते. वीस सेकंदांच्या पुढे गेलं की त्याला अ‍ॅप्निया म्हणतात आणि कागदावर नोंद होते.

डॉक्टरांना विचारलं तर उत्तर आलं, "फुप्फुसं बरी आहेत. ब्रेनस्टेम कच्चा आहे अजून, पिकेल." आणि ते पुढच्या पेटीकडे गेले. माणूस वाईट नव्हता, पण आईला तीन शब्दांत गुंडाळलं याचा राग अजून आहे. सासूबाई बाहेर थांबल्या होत्या. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "पिकेल म्हंजे? आंबा हाय का तो?"

लेक आता ठणठणीत आहे, पंधरा महिन्यांची, घर डोक्यावर घेते. पण काल जुनी फाईल आवरताना तिच्या बेरा चाचणीचे (आवाजाचा सिग्नल कानापासून मेंदूत किती वेळात जातो ते मोजणारी चाचणी) दोन कागद हाती लागले. (कावीळ झाली होती, म्हणून कानांची तपासणी सुरू आहे.) पहिला कागद छत्तीस आठवडे भरले तेव्हाचा. त्यावर पहिल्या लाटेपासून पाचव्या लाटेपर्यंतचं अंतर ५.३ मिलिसेकंद. दुसरा ती नऊ महिन्यांची असतानाचा, त्यावर ४.५. मी बीकॉम आहे, विज्ञानाशी संबंध दहावीपुरता, पण दोन वर्षांचे ताळेबंद शेजारी ठेवून बघायची सवय आहे. मेंदूत कुठेतरी ०.८ मिलिसेकंद वाचलाय. तो कुठे वाचला? आणि कच्चं होतं ते काय? पेशी कमी होत्या, की वायरी जोडायच्या राहिल्या होत्या?

तर्रीपोहे

वाचून काटा आला ताई. पोरगी बरी हाय ना आता, बस झालं. जाणकार लोकं येतीलच, मी खुर्ची टाकून बसलो.

पेशीपटल

छान प्रश्न. मी मेडिकलला (नागपूरबाहेरच्यांसाठी: शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे सगळे 'मेडिकल'च म्हणतात) शरीरक्रियाशास्त्रात शिकलो, आता शिकवतो. बालरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे उपचारांवर बोलणार नाही.

पेशी कमी नसतात. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा देठ, श्वासाचा ठेका तिथूनच चालतो. या देठातल्या बहुतेक चेतापेशी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच जन्मलेल्या असतात. बाळ गर्भातही श्वासाच्या हालचाली करतं, पाणी आत-बाहेर. तिसरा महिना संपता संपता त्या सोनोग्राफीत दिसू लागतात. म्हणजे यंत्र जागेवर आहे आणि चालूही आहे. कच्चे असतात त्या पेशींचे विजेचे गुणधर्म.

पेशीच्या आत-बाहेर साधारण ६० मिलिव्होल्टचा फरक असतो, आत ऋण. तो फरक १५-२० मिलिव्होल्टने कमी झाला की पेशीच्या पटलातली (आवरणातली) सोडियमची दारं धडाधड उघडतात आणि ठिणगी पडते, म्हणजे पेशीचा संदेश सुटतो. मग पोटॅशियमची दारं उघडून पेशीला परत जागेवर आणतात. आता नवजात पेशीत तीन गोष्टी वेगळ्या असतात.

ती लहान असते आणि तिच्या पटलाला गळती कमी असते. मोठ्या पेशीत पोटॅशियमची काही दारं कायम उघडी असतात, त्यांतून करंट गळत राहतो. नवजात पेशीत ती दारं अजून पुरेशी बसवलेली नसतात. म्हणून तिचा रोध जास्त. उदाहरणापुरते आकडे घ्या: १०० पिकोअँपिअर करंट २०० मेगाओहमच्या पेशीत गेला तर व्होल्टेज २० मिलिव्होल्टने हलतं, ठिणगी पडते. तोच करंट ५० मेगाओहमच्या पेशीत फक्त ५ मिलिव्होल्ट हलवतो, काही होत नाही. म्हणजे कच्ची पेशी मंद नसते, उलट हळवी असते. जरा काही लागलं की दचकते.

दुसरं, तिची ठिणगी बुटकी आणि रुंद असते. सोडियमची दारं विरळ, त्यामुळे चढ संथ. पोटॅशियमची जलद दारं कमी, त्यामुळे उतारही संथ.

तिसरी गोष्ट ब्रेकची. ती रात्री लिहितो, प्रॅक्टिकल आहे.

व्होल्टभाऊ_निवृत्त

पेशीपटल सर, मेगाओहम म्हटल्याबरोबर मेगर (वायरींचा रोध मोजायचं यंत्र) आठवला! चौतीस वर्षं विजेच्या खात्यात काढली. तुम्ही सांगता ते आम्ही रोज बघायचो. मोकळी सोडलेली वायर, कुठे जोडलेली नाही, तिला डिजिटल मीटर लावा: ऐंशी-नव्वद व्होल्ट दाखवेल. शिकाऊ पोरगं ओरडतं, "सर, लाइन चालू आहे!" चालू कसली, शेजारच्या वायरीची सावली पडलेली असते. एक साधा बल्ब जोडा, व्होल्टेज शून्यावर. रोध जास्त असला की इकडचं तिकडचं सगळंच उचललं जातं.

मग एक शंका. रोध जास्त म्हणजे टाइम कॉन्स्टंटही जास्त. कपॅसिटर हळू भरणार, हळू रिकामा होणार. मग लागोपाठ दोन सिग्नल आले तर एकमेकांत मिसळत नाहीत का?

पेशीपटल

काका, माझ्या वर्गातल्या पोरांपेक्षा तुम्ही दोन पायऱ्या पुढे आहात. मिसळतात. अगदी हेच होतं. पटलाची धारिता (कपॅसिटन्स) दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मायक्रोफॅरड, ती वयाने फारशी बदलत नाही. पेशी वाढते तशी एकूण धारिता वाढते, पण रोध त्याहून जास्त वेगाने पडतो. म्हणून मोठी पेशी झटकन भरते, झटकन रिकामी होते, आणि दोन टकटकी वेगळ्या ऐकते. लहान पेशीला त्या एकच लांबलचक ढकल वाटतात.

उंदरा-घुशींच्या पिल्लांमध्ये जिभेच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींवर हे १९९० च्या दशकात खूप तपासलं गेलं. जीभ कशाला? झोपेत जीभ मागे पडू नये, वाट मोकळी राहावी, यासाठी दर श्वासाबरोबर त्या पेशींना हुकूम जातो. तिथे जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रोध घसरताना स्पष्ट दिसतो.

रानमोगरा

थांबा थांबा. हळवी असते, जरा लागलं की दचकते, तर मग माझी लेक श्वास जास्त घ्यायला हवी होती. विसरत का होती?

तर्रीपोहे

हाव ना! मले बी हेच विचारायचं होतं. काहून थांबते मंग?

पेशीपटल

इथेच आमचे परीक्षार्थीही अडकतात.

दचकणं वेगळं आणि ठेका धरणं वेगळं. तबल्यावर पहिल्यांदा हात ठेवलेल्या पोराची थाप जोरात पडते, पण त्याला द्रुत लय पेलत नाही. रुंद ठिणगीचं तसंच आहे. ती चेतातंतूच्या टोकाला पोचली की कॅल्शियमची दारं जास्त वेळ उघडी राहतात आणि साठ्यातलं रसायन एका दमात भसकन सांडतं. पुढच्या दोन-चार ठिणग्यांपर्यंत साठा रोडावतो. पक्क्या टोकाची ठिणगी अरुंद असते, प्रत्येक वेळी मोजकंच सोडते, मागे साठाही मोठा असतो, म्हणून ते सेकंदाला शेकडो वेळा न थकता काम करतं. ताई, तुम्ही हिशेबातल्या आहात. पगार झाल्या झाल्या सगळा उडवणारा आणि महिनाभर पुरवून खाणारा, असा हा फरक.

शिवाय नुसत्या पेशीवर बाळाचा श्वास ठरत नाही. मुदतीआधीच्या बाळात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वास वाढवायची प्रतिक्रिया मंद असते. ऑक्सिजन कमी झाला तर आपण धापा टाकतो. हे बाळ मिनिटभर जोरात घेतं आणि मग उलट मंदावतं. घशाशी दुधाचा थेंब आला तर श्वास रोखणारी प्रतिक्रिया मात्र फार जोरकस. थोडक्यात, थांबवणारे रस्ते आधी तयार, चालवणारे मागून. त्यामुळे 'अमुक दार कमी म्हणून अ‍ॅप्निया' असं कुणी सरळ सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही.

आता तो ब्रेक. गाबा आणि ग्लायसिन ही मेंदूतली थांबवणारी रसायनं. ती क्लोराइडची दारं उघडतात. मोठ्या पेशीत क्लोराइड बाहेर जास्त, आत कमी, म्हणून दार उघडलं की ऋण क्लोराइड आत येतो आणि पेशी गप्प होते. कोवळ्या पेशीत एक पंप क्लोराइड आत कोंबत असतो, म्हणून दार उघडलं की तो बाहेर पळतो आणि पेशी गप्प व्हायच्या ऐवजी चाळवते. ब्रेकवर पाय दिला आणि गाडी पुढे सरकली, असा प्रकार. पुढे केसीसी२ नावाचा दुसरा पंप बसतो, क्लोराइड बाहेर काढतो आणि ब्रेक ब्रेकसारखा वागू लागतो. या पंपाची भूमिका १९९९ साली स्पष्ट झाली. देठातल्या वेगवेगळ्या केंद्रांत हा पालट वेगवेगळ्या वेळी होतो, आणि मेंदूच्या वरच्या पापुद्र्याच्या मानाने इथे तो लवकर उरकतो. त्यातही एक मेख आहे: उलटा असतानाही हा ब्रेक कधीकधी काम करतो, कारण दार उघडलं की रोध पडतो. काकांचा बल्ब आठवा.

व्होल्टभाऊ_निवृत्त

वा! लोड टाकला की भुताचं व्होल्टेज गायब. सर, आज झोप छान लागणार.

उगाचशंका

चर्चा रंगलीय म्हणून भीतभीत विचारतो. हे सगळं घुशीच्या पिल्लांवर केलेलं आहे ना? मग माणसाच्या बाळाला जसंच्या तसं कसं लावता? आपल्याकडे कुठलाही निष्कर्ष उंदरावरून थेट माणसावर उडी मारतो.

पेशीपटल

शंका उगाच नाही. जिवंत बाळाच्या देठात काचेची सुई घालून कुणी मोजत नाही, मोजूही नये. पेशीच्या पातळीवरचं जवळजवळ सगळं ज्ञान पिल्लांच्या मेंदूच्या पातळ कापांमधून आलंय. कापात पिल्लंच का, तर त्यांची पेशी ऑक्सिजनच्या तुटवड्याला जास्त टिकते. मोठ्या प्राण्याचा काप लवकर मरतो. श्वासाचा ठेका धरणारं केंद्र १९९१ मध्ये सापडलं तेही नवजात घुशीच्या देठाच्या अशाच एका चकतीत. शरीर नाही, फुप्फुस नाही, आणि ती चकती श्वासाचा ताल धरून बसलेली! त्या केंद्राचं नाव प्री-बोटझिंगर, आणि हे नाव एका परिषदेत टेबलावर असलेल्या जर्मन वाइनच्या बाटलीवरून आलंय. परीक्षेत हे विचारत नाहीत, पण पोरांच्या लक्षात एवढंच राहतं.

मात्र घड्याळ जुळवून घ्यावं लागतं. घूस फार कच्ची जन्मते, डोळे मिटलेले, कान बंद. तिला ऐकू येऊ लागतं ते जन्मानंतर साधारण बाराव्या दिवशी. माणसाचं बाळ सहाव्या-सातव्या महिन्यात पोटातच आवाजाला दचकू लागतं. म्हणजे घुशीचे 'जन्मानंतरचे' पहिले दहा-बारा दिवस म्हणजे ढोबळमानाने आपल्या बाळाचे पोटातले शेवटचे महिने. पुस्तकात 'जन्मानंतर पेशी पक्व होते' असं वाचलं की विचारायचं, कुणाच्या जन्मानंतर? रानमोगराताईंच्या लेकीने ते आठवडे पोटाऐवजी पेटीत काढले. इतर बाळंही याच टप्प्यातून जातात, पण तेव्हा श्वासाची जबाबदारी नाळेकडे असते, म्हणून विसरलेलं कुणाला दिसत नाही.

रानमोगरा

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. पंधरा महिने मी 'माझं काय चुकलं' या प्रश्नावर अडकले होते.

काकडीची_कोशिंबीर

ताई, माझा मुलगा तेहतीस आठवड्यांचा. आम्हाला कॅफीन सुरू केलं होतं. माझ्या आईने नर्सलाच सुनावलं होतं, "एवढ्याशा लेकराला कॉफी पाजता?"

पेशीपटल

आईंना सांगा, त्यामागे आधार पक्का आहे. अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन देठातल्या श्वासाच्या पेशींना गुंगी आणतं, कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. २००६ साली त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे त्यात बाळंही २००६ होती, ५०० ते १२५० ग्रॅम वजनाची. कॅफीन दिलेल्या बाळांमध्ये फुप्फुसाचा जुनाट आजार कमी निघाला. आपल्या शरीरातलं अर्धं कॅफीन चार-पाच तासांत संपतं, मुदतीआधीच्या बाळाला त्याला सुमारे १०० तास लागतात. यकृतही कच्चंच ना. म्हणून दिवसातून एकदा दिलं तरी पुरतं.

कानगोष्ट

उशिरा आले. मी ऑडिओलॉजिस्ट, रोज बेराच करते. ०.८ मिलिसेकंदांबद्दल मी बोलते, कारण ते माझं पोटापाण्याचं आहे.

बेरामध्ये कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतो, कानात टकटक असा आवाज देतो, दोन-दोन हजार वेळा, आणि संगणक सगळ्याची सरासरी काढतो. कारण कवटीवर पोचणारा सिग्नल मायक्रोव्होल्टच्याही अंशात असतो. दहा मिलिसेकंदांत पाच लाटा दिसतात. पहिली कानाच्या नसेची, पाचवी देठाच्या वरच्या टोकाजवळची. म्हणजे पहिली ते पाचवी हा देठातला प्रवास. मोठ्या माणसात तो साधारण ४ मिलिसेकंदांचा, पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात सुमारे ५ चा, आणि दीड-दोन वर्षांपर्यंत मोठ्यांइतका होतो. ताईंच्या लेकीचे दोन्ही आकडे त्या वाटेवरचेच आहेत.

आणि यात मला फार सुंदर वाटतं ते हे: या काळात डोकं वाढतंय, म्हणजे अंतर वाढतंय, तरी वेळ कमी होतोय! तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढतं, त्याने वेग वाढतो. आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर पेशीपटल यांनी सांगितलेली ती अरुंद ठिणगी, झटपट रिकामी होणारी पेशी, यांनी थोडा थोडा वेळ वाचतो. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे ठरवायला देठ दोन कानांतला मिलिसेकंदाच्याही अंशाचा फरक मोजतो. रुंद, आळशी ठिणगीला ते जमणारच नाही.

एक कळकळीची सूचना. पेटीत राहिलेल्या बाळांची नुसती ओएई चाचणी करून 'कान पास' म्हणू नका. ओएई फक्त आतल्या कानातल्या केसपेशी तपासते. जास्त कावीळ झाली तर बिलिरुबिन नेमकं कानाच्या नसेला आणि देठातल्या ऐकण्याच्या केंद्रांना दुखावतं. तिथे ओएई छान येते आणि बेरा सपाट. अशी मुलं माझ्याकडे दोन वर्षांची होऊन येतात, 'बोलत नाही' म्हणून.

तर्रीपोहे

हे लय कामाचं सांगितलं बाप्पा. माझ्या भाच्याची फक्त ती पहिलीवाली झाली होती. आजच बहिणीले फोन करतो.

काकडीची_कोशिंबीर

अवांतर: झोपेत नाडी आणि ऑक्सिजन मोजणारे मोजे मिळतात आता ऑनलाइन, बाळाच्या पायात घालायचे. कुणी वापरलेत का?

पेशीपटल

बालरोगतज्ज्ञांच्या संघटना अचानक बालमृत्यू टाळायला असली यंत्रं वापरा असं म्हणत नाहीत. बाळाला उताणं झोपवणं, पक्की गादी, तोंडाजवळ उशी-गोधडी नको, घरात विडी-सिगरेट नको, याचा उपयोग सिद्ध झालाय. आपल्याकडे पोटावर झोपवलं की डोकं गोल होतं म्हणतात, ते सोडा. मुदतीआधीच्या बाळाचं घरी काय करायचं ते मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

रानमोगरा

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना रात्री जेवताना सगळं सांगितलं. भुताचं व्होल्टेज त्यांना लगेच कळलं, कारण आमच्या कूलरला उन्हाळाभर तसाच झटका बसत होता. (काका, ते वेगळं असेल तर सांगू नका, त्या खूश आहेत.)

कानगोष्ट, एक विचारायचं होतं. तिसरी बेरा येत्या गुरुवारी आहे, अकरा वाजता. मागच्या वेळी ती पेटीएवढी शांत होती. आता काय करू?

कानगोष्ट

झोपलेली हवी. हलली की स्नायूंची वीज लाटांवर चढते आणि कागदावर नुसतं गवत उगवतं. सकाळी लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका, आदल्या रात्री डोक्याला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत. भरवायचं आमच्याकडे आल्यावर, इलेक्ट्रोड लावून झाले की.

व्होल्टभाऊ_निवृत्त

ताई, तो कूलर आधी अर्थिंग करून घ्या. ते भुताचं नाही.

रानमोगरा

काका, उद्याच माणूस बोलावते.

कानगोष्ट, अकराला ती आयुष्यात कधी झोपलेली नाही. सासूबाई म्हणताहेत मी येते, पाळण्याची दोरी पर्समध्ये घेऊन. आकडा आला की इथे टाकते.